इंजेक्शनआधीचं नाव

आईच्या डायलिसिससाठी आम्ही ओझरहून नाशिकला येतो. या सेंटरवर माझा जुना राग आहे: पैसे पुरते घेतात, माणसं अर्धी ठेवतात. इथली सिस्टर इंजेक्शनआधी पेशंटला नाव विचारते, ओळखीच्यालाही. परवा तिने आईला तीनदा विचारलं आणि मी भडकलो.

"अहो सिस्टर, किती वेळा? माझ्या दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक पळेल!"

"ओरडू नका दादा. कालपासून घरी गेले नाही. नाव ऐकते, पण डोक्यात थांबत नाही."

तिने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि मोठ्या सिस्टरना हाक मारली. "हे मी देणार नाही. आज माझाच मला भरवसा नाही."

आईने तिचा हात धरला. "तुझं नाव काय गं, बाळा?"

तिने मान खाली घालून स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं.