शेपटाखालचा टेकू

विमान धावपट्टीवरून वळलं तसा दाएंग नोम्पोने कपाळावर हात मारून घेतला.

"आलं नऊशे! कागदावर आठशे, आणि आलं नऊशे!"

इंडोनेशियातल्या मकासरच्या विमानतळावर सामान उतरवणाऱ्या टोळीचा तो एकवीस वर्षं मुकादम; 'दाएंग' हा तिकडचा मान. बोइंग ७३७ ची ही दोन भावंडं त्याने हजारदा पाहिलेली. पंख तेच, नाक तेच, रंगही तोच. फरक एवढाच, की नऊशे अडीच मीटर लांब आणि पंखामागे त्याला एक दार जास्त. दारं मोजली की कळतं. पण कार्यालयात बसून दारं मोजायची कुणी?

आणि त्या अडीच मीटरांपायीच नोम्पोचं डोकं उठायचं. नऊशेचं शेपूट जड. पुढचं सामान आधी काढलं आणि मागचं तसंच राहिलं, तर नाक वर उचलून विमान शेपटावर बसू शकतं. म्हणून शेपटाखाली लोखंडी टेकू लावायचा, मगच सामानाला हात घालायचा. आठशेला तो लागत नाही. तेवढ्यावर कंपनीने एकच टेकू घेऊन ठेवलेला. आज तो नवव्या जागेवर पडून होता आणि विमान उभं राहणार होतं तिसऱ्या जागेवर.

"साम्पारा, गाडी घे आणि टेकू घेऊन ये. पळ!"

"दाएंग, मागच्या खेपेला टेकूसाठी थांबलात, तेव्हा काय झालं आठवतंय ना?" टोळीतला साम्पारा गाडीवर चढता चढता म्हणाला.

आठवत नव्हतं कसं! वर्षभरात उशिराबद्दल ताकिदीची तीन पत्रं, तिन्ही या टेकूपायी. चौथं आलं की टोळी सोडायची आणि हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसून सकाळ-संध्याकाळ लोकांच्या शिव्या खायच्या. नोम्पोला ते मरणासारखं वाटायचं. आणि नेमकी आजच त्याची बायको कानांग मक्केची उमरा यात्रा करून याच विमानातून येत होती. चाळीस बायकांचा जथा, आणि प्रत्येकीची जमजमच्या पवित्र पाण्याची पेटी विमानाच्या मागच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात.

विमान थांबलं. मागची शिडी बिघडलेली, म्हणून सगळे पुढूनच उतरू लागले. तेवढ्यात देखरेखीवरचे पाक हेंद्रो घड्याळ बघत आले. जावाहून बदली होऊन आलेले, नवे साहेब; 'पाक' म्हणजे इथलं 'साहेब'.

"दाएंग, पुढचं पोट उघडा. आंबोनला जाणाऱ्या विमानात चढवायचं सामान त्यातच आहे."

"टेकू येतोय, पाक. हे नऊशे आहे."

"माझ्या कागदावर आठशे लिहिलंय."

"कागदाला शेपूट नसतं, पाक!"

हेंद्रोंनी खिशातून ताकिदीच्या पत्राचा कोरा कागद काढला. "उशिराचं कारण मुकादम, असं लिहू ना?"

 नोम्पो नाकाखालच्या चाकापाशी वाकून बसला होता. चाकाच्या पायावर एक चकचकीत पट्टी दिसते. नाकावर भार असला की ती आत दबते, नाक हलकं झालं की बाहेर निघते. मघाशी ती चार बोटं होती. आता वीतभर झाली होती, आणि अजून पुढच्या पोटाला कुणी हात लावलेला नव्हता.

"उतरणारे उतरले, मग भार मागे कसला राहिला?" तो शिडी चढून वर गेला.

आत बघतो तर पुढच्या रांगा रिकाम्या आणि बायकांचा सगळा जथा शेपटाकडच्या संडासापाशी दाटलेला. यात्रा करून आलेली बाई साध्या कपड्यांत दारी उतरत नाही, ही मकासरची रीत. झगमगते झगे, सोनेरी टोप, बांगड्या. एकमेकींना टाचण्या लावणं चाललं होतं.

"बायांनो, पुढे या! सगळ्या पुढे या!"

"अगं बाई, हे इथे कुठे?" कानांगने अर्धवट ओठ रंगवून मागे पाहिलं. "डोक्यावर काही नाही माझ्या! बाहेर व्हा!"

"तसंच पुढे येऊन बस. विमान मागे बसेल!"

"बसू दे. नऊ वर्षं पैसे साठवून गेले मी. उघड्या डोक्याने उतरणार नाही."

"कानांग, अल्लाची शपथ घालतो. टोप पुढे येऊन घाल."

 शपथ ऐकल्यावर तिनेच आरशावाल्या म्हातारीला दंडाला धरलं, "चला गं, याचं काहीतरी खरं दिसतंय," आणि चाळीस झगे सळसळत पहिल्या रांगांकडे सरकले.

नोम्पो खाली आला तेव्हा पट्टी दोन बोटं आत गेली होती. हेंद्रो वाकून तिच्याकडेच बघत होते. मघाची वीतही त्यांनी पाहिली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. साम्पाराने टेकू आणून शेपटाखाली घट्ट बसवला. तेरा मिनिटं गेली होती.

हेंद्रोंनी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला. "या वेळी पत्र देत नाही. पण दाएंग, टेकू जवळ ठेवत जा."

 सहा वर्षं नोम्पो हेच सांगत होता, तोंडी, लेखी, हात जोडून. तो एवढंच म्हणाला, "हो पाक."

कानांग सगळ्यांच्या शेवटी उतरली, सोनेरी टोपात, राणीसारखी.

"पवित्र जागेवरून आले मी, आणि पहिला शब्द काय कानावर पडला? पुढे ये!"

"अगं, विमान नऊशे होतं. कागदावर आठशे."

"दिसायला तर सगळी सारखीच."

"दारं मोज!" नोम्पो कळवळून ओरडला.

कानांगने बांगड्यांचा हात कपाळावर धरला आणि उन्हात उभं राहून पुढून मागे खरोखर मोजलं.

"पंखामागे एक जास्त आहे की. मग तुमच्या साहेबाला का नाही दिसलं?"