शांत पिल्लं

माझी थोरली लेक ब्रॉयलर कोंबड्या पाळते. पदवी घेतली, नोकरीला नाक मुरडलं आणि वस्तीबाहेर शेड टाकून बसली. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, हिनं ती वाढवून परत करायची. गेल्या दोन्ही बॅच वजनाला कमी भरल्या. कंपनीच्या सुपरवायझरनं तोंडावरच सांगितलं, "ताई, ही बॅचही हलकी गेली तर पुढची पिल्लं विसरा."

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. माझे दीर म्हणतात, पिल्लंच खराब. आमचे हे म्हणतात, पाणी जड. थोरलीनं पाणी तपासून आणलं, जमिनीवर पसरलेलं तूस ओलं नाही ना म्हणून रोज मुठीत दाबून बघते, आणि स्वतः दोन घास धड खात नाही. कोंबड्यांचं वाढायचं राहिलं बाजूला, हिचंच वजन उतरत चाललंय.

सकाळी ती अंघोळीला घरी येते, तेवढा वेळ शेडवर तिचे बाबा. सुपरवायझर कधीतरी बोलून गेला होता, "पिल्लं शांत राहिली पाहिजेत." ते यांनी असं धरून ठेवलंय, की काही विचारू नका. फोन केला की एकच उत्तर : "एकदम शांत!"

आज डबा घेऊन मीही तिच्याबरोबर गेले. हे दारातच, तोंडावर बोट ठेवून उभे. "हळू! गाढ झोपलीत बिचारी."

थोरलीनं आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळी पिल्लं एका कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर. खाद्याची भांडी भरलेली, तिकडे कुणी फिरकलेलंच नाही.

"बाबा, झोपली कुठली, गारठलीत ती! जाळीवरचा पडदा खालून कुणी गुंडाळला?"

"मीच. कोंदट होतं गं. गेल्या दोन बॅचपासून रोज थोडासा उघडतो."

"रोज?" थोरलीचा आवाज चिरकला. "हवा वरच्या फटीतून घ्यायची हो! खालून वारा थेट अंगावर येतो. ऊब शोधतील की खातील?"

"पण तोच म्हणाला ना, शांत..."

"शांत म्हणजे बिथरून पळू नयेत. मुकी नव्हे!"

तिनं पडदा खाली सोडून बांधला, शेगडी वाढवली. हळूहळू ढीग सुटला. पिल्लं भांड्यांकडे पळाली आणि चिवचिवाटानं शेड डोक्यावर घेतली.

"बघ, केवढी बिथरली," हे कुरकुरले.

मी यांच्याकडे पाठ फिरवली. बोलले असते तर थांबले नसते.

थोरलीनं एक पिल्लू उचलून गळ्याखालची पिशवी चाचपली. "भरतेय. पहिलाच आठवडा आहे आई, वजन निघेल कदाचित भरून."

कदाचित! मी डबा उघडून तिच्यापुढे आदळला.