हरिणीचा आवाज

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पेणला रामवाडीत दत्तूमामांच्या गॅरेजमध्ये पार्ट धुवायचं रॉकेलचं डबडं होतं. रोज सगळं वरवर स्वच्छ निघायचं आणि महिन्याने बघावं तर तळाशी बोटभर गाळ! हे किस्से तसेच बसलेत. सगळे नव्वदच्या दशकातले, आणि सगळे एकाच गाडीचे.

गाडीचं नाव हरिणी. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. ही गाडी होती रोह्याच्या एका डॉक्टरांची. ते वारले आणि ती शेडमध्ये गंजत पडली. त्यांचा मुलगा शेखर माझा कॉलेजचा मित्र. त्याने ती टेम्पोत घालून मामांकडे आणली.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन मामांच्या गॅरेजमध्ये लुडबुड करत होतो आणि माझं डोकं सतत तापलेलं असायचं. आपल्या देशात असली गाडी बनली आणि आपण ती कुजू दिली, म्हणजे काय? मला ती पुन्हा वाऱ्यासारखी पळायला हवी होती. मामांना फक्त पेणच्या बाजारात मिळतील असे पार्ट हवे होते.

शेखरला वेगाचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्या आईची नजर पूर्ण गेली होती. आता कानही जायला लागले होते. "आईला बाबांची गाडी वळणावरूनच कळायची," तो म्हणाला. "तो आवाज तिला एकदा ऐकवायचाय. ऐकू येतंय तोवर."

*

अडचण एकच, इंजिन खलास! मी पुण्याच्या एका हौशी मंडळाला पत्र लिहिलं. त्यांच्याकडे चार हरिण्या होत्या. उत्तर आलं: "दुसऱ्या कंपनीचं इंजिन घालणार असाल, तर कृपया तिला हरिणी म्हणू नये."

मी संतापून पत्र मामांना वाचून दाखवलं. मामांनी बिडी विझवली.

"त्यांना लिही, पिस्टन पाठवा. नाव आमी नीट सांभाळतो!"

पिस्टन आले नाहीत. मग वडखळच्या भंगारवाल्याकडून अपघातातली एक फॅमिली कार आणली, भलत्याच कंपनीची. इंजिन, गिअरबॉक्स, मीटर, दरवाजांची कुलपं, सगळं तिचं. ती कोणाची होती, हे भंगारवाल्याला माहीत नव्हतं. आम्हीही फार विचारलं नाही.

*

गाडीचं नाक गंजून चाळण झालं होतं. ते फायबरमध्ये करायला जोह्याच्या बाळा पाटलाकडे दिलं. बाळा गणपतीवाला, साचा काढण्यात पटाईत. आठ दिवसांत असं नाक काढलं की मामांनीही त्यावरून दोनदा हात फिरवला. फक्त हेडलाइटची भोकं नव्हती.

"भोकं कुठायत?" मी विचारलं.

"डोळे शेवटी," बाळा म्हणाला. "रंग झाला, सगळा झाला, की मग आखणी. आमच्यात तसाच करतात."

"अरे, गणपती नाही हा! गाडी आहे!"

"व्हय, गाडी हाय. तरी शेवटी."

मला दम कुठला! दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला तेव्हा मी करवतीने दोन्ही भोकं पाडली आणि दिवे बसवून बघितले. बाळा आला, उभा राहिला, मग भोकांच्या कडा घासायला बसला. मला वाटलं, जिंकलो!

दोन दिवसांनी गेलो तर कारखान्यातले सगळे रंगारी हरिणीच्या नाकासमोरून पाट उचलून मागच्या अंगणात जाऊन बसलेले. उन्हात.

"इकडे का?"

"तिच्यापुढं काम नाय होत," बाळा म्हणाला. "सारखी चुका काढते."

*

इंजिन बसलं. पहिल्या चकरेला मामा चालवायला, मी शेजारी. डोलवीला पोलाद कारखान्याच्या गेटसमोर गाडी आपोआप मंदावली आणि बंद पडली. दुपारी तीनची वेळ, शिफ्ट सुटत होती. मामा चावी फिरवतायत, मी घाम पुसतोय.

गर्दीतून एक म्हातारा कामगार सरळ आमच्याकडे आला. भंगारातल्या गाडीचं कुलूप बसवल्यापासून माझ्या बाजूचा दरवाजा बाहेरून उघडत नसे. महिनाभर आम्ही झटलो होतो. त्याने कडी जरा वर उचलली, आत दाबली, आणि दरवाजा उघडला! आत पाय टाकणार, तोच मला बघून थबकला.

"साहेब नाय आले?"

"कोण साहेब?"

त्याने गाडी पुढून मागून बघितली. "नाय, नाय. ती पांढरी होती," असं म्हणून दरवाजा अलगद लावला आणि निघून गेला. लगेच गाडी सुरू झाली!

वडखळला मामा म्हणाले, "एक बरा झाला. इंजिन चांगल्या मानसाचा हाय."

*

त्यानंतर मीटर. गाडी गॅरेजमध्ये उभी, इंजिन बंद, बॅटरी काढून ठेवलेली. आणि भर दुपारी काटा हळूहळू चाळीसवर जायचा, थोडा वेळ तिथे राहायचा, परत शून्यावर यायचा. रोज!

मी विज्ञानाचा माणूस. म्हटलं, केबलला पीळ पडला असेल. केबलच काढली. दुसऱ्या दिवशी काटा पन्नासवर!

मी ओरडत मामांकडे गेलो. ते जेवत होते.

"जाऊ दे तिला कुठं जाते ती," ते म्हणाले. "पेट्रोल आपला जळत नाय ना?"

*

आणि आवाज. शेखर रोह्याच्या कारखान्यात पहिली पाळी करून यायचा, स्टुलावर डोळे मिटून बसायचा. मामा इंजिन चालू करायचे.

"नाही, मामा."

सायलेन्सर बदलला. नाही. जुना सायलेन्सर ठिगळं मारून लावला. नाही. पाइप वीतभर कापला. शेखर बराच वेळ ऐकत राहिला.

"आवाज आहे," तो म्हणाला. "पण लांबून येतोय. पुलाच्या पलीकडून."

मामांनी हात पुसले. "पुलापर्यंत आले म्हणजे डॉक्टर येतील घरी."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

*

शेवटी एका रविवारी दुपारी शेखर आणि मी गाडी घेऊन रोह्याला निघालो. घाई करावी लागली, कारण शेखरच्या आईला, काकूंना, आता फोनवरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गाडी मात्र अशी चालली की काय सांगू! कुठे अडखळली नाही. नागोठण्यानंतर शेखर मला म्हणाला, "ऐक. हाच!" त्याचे डोळे भरले होते.

घराचं फाटक सताड उघडं होतं. काकू ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. शेखरने गाडी आत घेतली, मुद्दाम थोडी रेस केली, मग बंद केली.

"आई, ओळखलीस?"

काकूंनी मान कलती केली. "छान आहे रे. कोणाची?"

शेखर स्टिअरिंग धरून तसाच बसला. मला राहवेना. "काकू, तुमचीच! हरिणी!"

लहान मुलाकडे बघून हसावं तशा त्या हसल्या.

"आपली मघाशीच आली की. फाटक मीच उघडलं. तुम्ही दोघं किती उशीर केलात!" मग शेखरच्या दिशेने हात करून म्हणाल्या, "तू तुझी तिच्या मागे लाव हो. बेताने. धक्का लागेल."

ओटीपुढचं सगळं अंगण रिकामं होतं. ऊन पडलं होतं. मी शेखरकडे बघत राहिलो. तो आता आईला काहीतरी सांगेल, समजावेल.

त्याने गाडी सुरू केली. मागे घेतली. पुढे एका गाडीची जागा सोडून उभी केली. मग खाली उतरला, वाकून मधलं अंतर बघितलं, आणि परत बसून अजून वीतभर मागे घेतली.