वाडीच्या शाळेतली फुकटची सीडी

परवा शाळेतली जुनी कॉम्प्युटर लॅब रिकामी केली. नवी लॅब येऊन राहिली ना, चकाचक… मग हे डब्यासारखे मॉनिटर कुठं ठेवणार? मी शिपाई, म्हणून आवरायचं काम माझ्याच गळ्यात.

कपाटात सीड्यांचा गठ्ठा सापडला. प्रत्येकीवर स्केच पेननं लिहिलेलं, ‘कॉपी करा, वाटा’. कॉम्प्युटरच्या सरांचं अक्षर. सर रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण अक्षर ओळखलं मी. तिथंच धुळीत बसली.

काय दिवस होते ते… पोरी चपला बाहेर काढून लॅबमध्ये जायच्या. स्क्रीनवर एक जाडा पक्षी यायचा, सर त्याला पेंग्विन म्हणायचे, पोरी सगळ्या बदक म्हणायच्या. सगळं मराठीत लिहून यायचं, म्हणून झाडू मारता मारता मीही वाचत उभी राहायची. मी सातवीत शाळा सोडलेली, पण तेवढं वाचता यायचं.

आणि त्यातच ती एक दुपार आठवली… ती अजून टोचते.

शाळेतून तेव्हा रोज काही ना काही गायब व्हायचं. खडू, बल्ब, एकदा तर नळाच्या तोट्या. म्हणून शाळा सुटताना गेटवर दप्तरं तपासायचं काम मला दिलं होतं. मी कोणालाच सोडत नव्हती.

त्या दिवशी आठवीतल्या पल्लवीच्या दप्तरात सीडी निघाली. रुमालात गुंडाळून, भूगोलाच्या पुस्तकात ठेवलेली. लॅबची सीडी! मला वाटलं, हजारोंचा माल चालला.

‘काहून वं, शिकाले येते का चोऱ्या कराले?’ अख्खी शाळा गेटवर उभी, आणि मी अशी बोंबलली. ती नुसती ‘सरांनी दिली मावशी, सरांनी दिली’ म्हणत होती. मी ऐकते कुठं… दंड धरून ऑफिसात नेली. मागून पोरं ओरडत होती, चोर, चोर.

कॉम्प्युटरच्या सरांनी कपाळालाच हात लावला. ‘मावशी, मीच दिली. हे सॉफ्टवेअर खुलं आहे. ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगून ठेवलंय, घरी न्या, दुसऱ्याला द्या, पाहिजे तर त्यात बदल करा.’

मी म्हटलं, ‘फुकट? मग त्याची किंमत काय राहिली, सर?’ चूक झाली हे दिसत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. पल्लवी रडत निघून गेली. सीडी माझ्याच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला… तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, आता येणारच नाही म्हणते.

मग मात्र माझा जीव खालीवर झाला. माझ्या तोंडापायी पोरीची शाळा सुटणार? शाळा कशी सुटते ते मला चांगलं माहीत आहे. एकदा घरी बसली की बसलीच.

रविवारी तिच्या घरी गेली. ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं भाड्याची एक खोली. तिची माय दारातच उभी. ‘या, या. आज घराची झडती घ्याची आहे का?’

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून तिचं सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

मग समजलं. पल्लवीचा बाप त्याच गोदामात ट्रक खाली करायचा. तिथल्या ऑफिसातला कॉम्प्युटर व्हायरसनं बंद पडला होता. मॅनेजर तिला म्हणाला होता, चालू करून दे, मग दर रविवारी तू बस त्याच्यावर. त्यात हे सॉफ्टवेअर नव्यानं टाकायला सरांनी सीडी दिली होती.

तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन आली. ‘वहिनी, जरासं विरजण द्या वं.’ पल्लवीच्या मायनं भांडण तिथंच थांबवलं, चमचाभर दही वाटीत टाकलं आणि परत येऊन मला बोलायला लागली. मी त्या वाटीकडं पाहतच राहिली. हिच्या घरचं दही काही कमी झालं नाही, अन् तिच्या घरी उद्या भांडंभर होईल… सर ऑफिसात जे सांगत होते, ते मला त्या दारात कळलं.

मी सीडी पुढं केली. पल्लवी हात मागं घेऊन उभी. ‘नको मावशी. पुन्हा कोणी पाहिलं तर?’

तिची माय म्हणाली, ‘चोर म्हटलं चारशे पोरांसमोर. अन् माफी मागाले खोलीत आल्या?’

खरं होतं. म्हटलं, ‘उद्या परिपाठाच्या वेळी हिला घेऊन या.’

सोमवारी परिपाठाच्या आधी मी हेडमास्तरांना म्हटलं, मला दोन शब्द बोलायचे आहेत. ते म्हणाले, शिपायानं परिपाठात बोलायची पद्धत नाही. मी म्हटलं, चोर म्हणायची तरी कुठं होती?

माइक दिला नाही. माझ्या आवाजाला लागतही नाही. ‘पल्लवीनं चोरी केली नव्हती. सरांनी दिलं ते घेऊन ती घरी चालली होती. मी न ऐकता बोंबलली. चूक माझी आहे.’ मागं दोन पोरं हसली. हसू दे.

पल्लवी गेटबाहेर मायचा हात धरून उभी होती. युनिफॉर्म घातलेला, पण पाऊल बाहेरच. तिच्याकडं पाहायची माझी हिंमत नव्हती. प्रतिज्ञा सुरू झाली… आणि ती आत आली. आठवीच्या पोरींनी सरकून रांगेत जागा केली.

तो गोदामाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तिनं चालू केला, बरं का. तीन रविवार लागले.

तिनं मला माफ केलं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण पोरी, तू त्या दिवशी आत आली… म्हणूनच मी आजवर या गेटवर मान वर करून उभी राहू शकली.