सेक्रेटरीवर महाभियोग

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांइतका कायदा उभ्या पुण्यात कुणाच्या अंगात भिनलेला नसेल, आणि असलाच तर त्याने कृपा करून आमच्या सोसायटीत फ्लॅट घेऊ नये. एक पुरे आहे. काका कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून दूधवाला उशिरा आला की त्याला बाजू मांडायची संधी मिळते. आमटी खारट झाली तर काकूंना आधी तोंडी समज, मग लेखी. त्या कागदात काकू कढीपत्ता गुंडाळून ठेवतात.

अशा सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो, म्हणजे माझी ग्रहदशाच म्हणायची. हिंजवडीला कॉम्प्युटरपुढे मान मोडून हडपसरला परतावं, तर गाडी लावायला जागा नाही. बघता बघता घरटी एकेक गाडी झाली होती. म्हणून मी गेटजवळचा सिमेंटचा बाक काढायचं ठरवलं. आता त्या बाकाचं असं, की आम्हाला लिफ्ट नाही आणि काकूंचे गुडघे गेलेले. त्या संध्याकाळी कशाबशा खाली उतरायच्या, बाकावर तासभर भाजी निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायच्या आणि पाय मोकळे झाले की तीन जिने चढायच्या. बाहेरचं जग म्हणजे तेवढंच.

दुसऱ्याच दिवशी काकांनी माझ्यावर महाभियोग आणला. साधी तक्रार नाही, अविश्वासाचा ठराव नाही, थेट महाभियोग! नोटीस द्यायला स्वतः घरी आले आणि बायकोने दिलेले पोहे खात त्यांनी आरोपीलाच सगळं समजावून सांगितलं. मूळ शब्द लॅटिन, अर्थ पायात बेडी अडकवणं. फ्रेंचांकडून तो इंग्रजांकडे गेला. तिथे राजाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून लोकांच्या सभागृहाने राजाच्या मंत्र्याला आरोपी म्हणून ओढायचं आणि सरदारांच्या सभागृहाने निवाडा करायचा. पुढे तो अमेरिकेत गेला, आपल्या घटनेत राष्ट्रपतींसाठी आला आणि आता माझ्यासाठी. ‘महाभियोग म्हणजे शिक्षा नव्हे, नुसता आरोप. तुम्ही उगाच घाबरू नका,’ असा धीर देऊन त्यांनी पोहे पुन्हा मागून घेतले.

सभेत काका असे बोलले की मीच टाळी वाजवली. सार्वजनिक मालमत्ता, अधिकाराचा गैरवापर, काही सोडलं नाही. बचावाला मला शब्द सुचेनात, तर दोन मुद्दे त्यांनीच सुचवले. चोवीस सभासद, दोन तृतीयांश म्हणजे सोळा हात हवेत, तरच मी जाणार आणि बाक राहणार. पंधरा वर झाले. काकांचे दोन्ही हात मांडीवर.

“अहो काका, हात!” कुणीतरी म्हणालं.

“आरोप मी केलाय. जो आरोप करतो त्याने निवाडा करायचा नसतो.”

लोकांनी डोक्याला हात लावला, मी सुटलो, आणि त्या रविवारी बाक फुटला.

काकू खाली यायच्या थांबल्या. चार दिवसांनी मला राहवेना, मी वर गेलो. म्हटलं, काका, आरोपपत्रात काकूंच्या गुडघ्यांबद्दल एक ओळ असती तर मी स्वतःच बाक काढायचा बेत सोडला असता. काकांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

“खासगी हित होतं ना ते,” ते म्हणाले. “कसं घालणार?”

मी बाक पुन्हा बसवतो म्हटलं, तर सभेचा निर्णय एकट्याने फिरवता येत नाही म्हणाले. आता मी गाडी लावतो तेव्हा काकू तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून माझी विचारपूस करतात, जेवलास का म्हणून. मी निर्दोष सुटलेला माणूस. मला मान वर करून उत्तर देववत नाही.