भाकरीचा ट्रक आणि माझा सूड

लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मी कुणालाही न विचारता ट्रकभर भाकरी घेऊन तिकडं गेलो. भाकरी आमच्या कुंभार पिंपळगावच्या घराघरांतून जमवलेल्या, पुढारपण माझं, म्हणजे शाळेच्या गुरुजींचं.

तिथं नोंदणीचा एक मांडव होता. कोणत्या देशाचं सामान कोणत्या गावाला जायचं, ते तिथला कारकून सांगायचा. गोरे डॉक्टरसुद्धा मुकाट रांगेत उभे होते. मी मात्र थेट टेबलापाशी घुसलो.

कारकून म्हणाला, “गुरुजी, भाकरी लई झाल्या. त्या इथंच उतरवा अन् हे परदेशी तंबू टेकडीखालच्या गावाला न्या. आमच्याकडं गाडी न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. आमची भाकर उतरवायची आणि परक्यांचे तंबू वाहायचे? सूड घ्यायचाच! त्याच गावात भाकरी वाटायच्या, मिळाल्याचे अंगठे कागदावर घ्यायचे आणि तो कागद कारकुनाच्या तोंडावर मारायचा, असं ठरवून मी ट्रक तसाच पुढं काढला. त्याला काय काय सुनवायचं ते वाटभर घोकत होतो.

गावात पारावर आधीच भाकरींचा ढीग होता, पावसानं भिजून लगदा झालेला. पोतं पांघरून बसलेली एक म्हातारी उठली, ट्रकात डोकावली आणि म्हणाली, “तंबू येणार व्हते, कुठंयत?”

मी कारकुनाचा उद्धटपणा तिला रंगवून सांगितला. ऐकून ती म्हणाली,

“म्हंजी भांडलास तू, अन् भिजत राह्यलो आम्ही. गाडी फिरव, येड्या.”