मीठ घातलेला बर्फ

हेनच्या बर्फाला सगळं तळं मानायचं. तोन्ले साप तळ्याच्या पाण्यावर तरंगणाऱ्या त्या दीडशे घरांत बर्फ विकणारे चौघे होते, पण मासळी टिकवावी ती हेननंच. लादी फोडायची, भुसा झटकायचा आणि थराथरात मूठ मूठ जाडं मीठ पसरायचं. मिठानं बर्फाला चेव येतो. बोट लावलं तर कातडी चिकटते. "माझ्या पेटीतला मासा मेलाय, हे त्याचं त्यालाबी तिसऱ्या दिवशी कळतंय," असं तो व्यापाऱ्यांना छाती काढून सांगायचा.

या हेनची एकुलती पोरगी फिआरी, एकोणीस वर्षांची. आई लहानपणीच गेलेली. गेल्या साली फिआरीला तहान लागली. लागली म्हणजे किती, तर पाण्याचा डेरा दुपारपर्यंत रिकामा. दोन दोन ताटं भात हाणायची, पण अंगाला मांस धरेना. न्हाणीच्या फळीला मुंग्या लागायला लागल्या. शेजारणी म्हणाल्या, नजर. हेननं भिक्खूकडून तिच्या मनगटाला लाल दोरा बांधून आणला. पंधरा दिवसांत तो दोरा कोपरापर्यंत सरकायला लागला, तेव्हा कुठं तो तिला दवाखान्याच्या होडीवर घेऊन गेला.

तिथं नर्स नुऑन होती. लहानथोर सगळे तिला मिंग, म्हणजे मावशी म्हणायचे.

"पू हेन," काकाला म्हणावं तसं ती म्हणाली, "भाजीची होडी येते तेव्हा काय होतं?"

"व्हायचंय काय? भाजीवाली हाळी देती, बाया दारं उघडत्यात."

"आणि तिचा आवाजच बसला तर?"

"तर होडी दारावरनं जाईल आन चूल थंड."

"तेच झालंय. जेवल्यावर साखर रक्तात येते. पोटामागचं स्वादुपिंड तेव्हा एक रस सोडतं, इन्सुलिन. तो रक्तातनं अंगभर फिरून हाळी देतो. पेशीपेशीच्या दाराला ती ऐकणारा कान आहे. कानात हाळी पडली की दार उघडतं, साखर आत जाते. हिची हाळीच बंद पडलीय. साखर दारावरनं वाहून चाललीय आणि आत सगळे उपाशी."

"मग?"

"मग हाळी बाटलीतली. सुईनं, रोज, जन्मभर."

तिनं बाटल्या दिल्या, मातीचं मडकं दिलं. "ओल्या वाळूत, या मडक्यात ठेव. उन्हानं नासते बघ, मासळीसारखीच."

मासळी म्हटल्यावर हेनचे कान टवकारले.

पहिली बाटली मडक्यात राहिली. पोरगी भरली, जाळी विणायला बसली, बापाला टोमणे मारायला लागली. मग चैताचा उन्हाळा आला, पाणी हटलं, पत्रे तापले. हेननं मडक्यात हात घालून बघितला. हा कसला गारवा! त्यानं उरलेल्या बाटल्या उचलल्या आणि पेटीच्या पार तळाशी, मिठाच्या बर्फात पुरल्या.

"बा, ही तर दगड झालीया की."

"मग? बर्फ झालेला मासा चुलीवर पुन्हा मासाच हुतोय न्हवं?"

काखेत धरून त्यानं ती वितळवली. पाणी झालं, सुईत भरलं, टोचलं. चार दिवसांत तहान परत आली. औषधाला ऊन लागलं असेल म्हणून त्यानं आणखी दोन मुठी मीठ घातलं. सहाव्या दिवशी फिआरी ओकायला लागली. तिच्या श्वासाला पिकून उतू गेलेल्या फळाचा वास येत होता.

चिखलातनं होडी ढकलत तो नुऑनकडं पोचला. तिनं पोरीला बघितलं, बाटली उजेडात धरली. "कुठं ठेवली होतीस?"

त्यानं सांगितलं. सांगताना आवाजात थोडी ऐट होती, सवयीची.

नुऑन खाली बसली. "गोठलं की त्याची घडण मोडते, पू. दिसायला पाणी परत होतं. पण त्या कानात ते बसत नाही मग. सहा दिवस तू तिला मुकं पाणी टोचलंस."

"आता नवी दे की."

"देते. पण हिला सलाईन पाहिजे, शहर पाहिजे. उशीर झालाय."

तिनं ताज्या बाटलीतलं टोचलं आणि बाटली मडक्यात ठेवून बरोबर दिली. भाड्याच्या मोटारहोडीनं शहर चार तासांवर. हेन मडकं मांडीत घट्ट धरून बसला होता. फिआरी भात्यासारखा श्वास घेत होती. एकदा पाणी मागितलं. एकदा म्हणाली, "बा, मडकं उन्हात हाय." त्यानं स्वतःची सावली मडक्यावर केली. शहराचा धक्का दिसायच्या आधीच तिचा भाता थांबला.

क्रियाकर्म झालं. हेन आजही बर्फ विकतो; दुसरं येतंय काय त्याला? मीठ मात्र ज्याचं त्यानं घालायचं. मासळी मऊ पडते म्हणून व्यापारी शिव्या देतात, तो ऐकून घेतो.

तिला पोचवल्यावर तिसऱ्या दिवशी तो मडकं घेऊन नुऑनच्या होडीवर गेला होता.

"चांगली हाय अजून," बाटली पुढं करत तो म्हणाला. "गार हाय. बर्फ न्हाई झाली."